डेव्हीचा दिवा

शिकागोला आलेला पाहुणा डेव्हन ॲव्हेन्यू बघितल्याशिवाय परत जात नाही. कढीपत्ता, पोहे, साड्या, सोनं, पान, सगळं एकाच रस्त्यावर. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ मध्ये इथेच उघडलं, आणि रस्त्याच्या एका तुकड्याला गांधी मार्ग अशी मानाची पाटीही लागलेली आहे.

मागच्या जूनमध्ये माझा भाचा चंद्रपूरहून आला होता. त्याला घेऊन खरेदीला निघालो, तर रस्त्यात मॅनहोल उघडून तीन कामगार उभे. एकाने मुठीत मावेल एवढं पिवळं यंत्र दोरीला बांधून आत सोडलं. थोडं खाली सोडायचं, थांबायचं, आणखी खाली सोडायचं, पुन्हा थांबायचं. मग ते वर ओढून आकडे पाहिले, कागदावर लिहिले, आणि त्यानंतरच माणूस शिडीने खाली उतरला. भाच्याला नवल वाटलं. गटारात उतरायला एवढा सोपस्कार कशाला, आणि त्या यंत्रात असतं तरी काय, असं त्याने विचारलं.

इथल्या कारखान्यांमध्ये अशी यंत्रं बसवण्याचं आणि तपासण्याचं काम मी पंचवीस वर्षं करतोय. त्यामुळे उत्तर तयारच होतं. त्यात चार सेन्सर असतात. एक ऑक्सिजन मोजतो, दुसरा हायड्रोजन सल्फाइड, तिसरा कार्बन मोनॉक्साइड. चौथा सांगतो की हवेत पेट घेणारा वायू किती आहे. या चौथ्याचं आणि भाच्याच्या आजोबांचं जवळचं नातं आहे, बरं का. माझे वडील बल्लारपूरच्या कोळसा खाणीत मायनिंग सरदार होते. निवृत्त झाले तेव्हा सोबत्यांनी त्यांना एक पितळी दिवा भेट दिला. तो अजून ताईच्या शोकेसमध्ये आहे. भाचा लहानपणापासून तो शोभेची वस्तू म्हणून बघत आलाय. तो दिवा आणि हे पिवळं यंत्र, दोन्हीच्या मुळाशी एकच माणूस आहे, सर हम्फ्री डेव्ही. शाळेत आपण त्याचं नाव सोडियम-पोटॅशियमच्या धड्यात एकदा वाचतो आणि विसरतो. त्याची गोष्ट मात्र विसरण्यासारखी नाही, म्हणून ती इथे लिहितो.

डेव्हन म्हटलं की अनेकांना इंग्लंडमधला डेव्हन परगणा आठवतो. आमच्या रस्त्याचं नाव पेन्सिल्व्हेनियातल्या डेव्हनवरून पडलं. त्याआधी याला चर्च रोड म्हणत. हम्फ्री डेव्हीचा जन्म मात्र त्या इंग्लंडमधल्या डेव्हनच्या शेजारचाच, कॉर्नवॉलमधल्या पेन्झन्स गावचा. तारीख १७ डिसेंबर १७७८. वडील लाकडावर कोरीव काम करायचे. ते १७९४ मध्ये गेले ते डोक्यावर कर्ज ठेवून. घरात पाच मुलं, हम्फ्री सगळ्यांत थोरला. आईने बायकांच्या टोप्यांच्या दुकानात भागीदारी करून घर चालवलं आणि पोराला गावातल्या एका डॉक्टरकडे शिकाऊ म्हणून ठेवलं. तिथे औषधं कुटता कुटता त्याला रसायनांचा नाद लागला. कॉलेजचं तोंड त्याने कधी पाहिलं नाही. हाताला लागतील ती पुस्तकं आणि हाताला लागतील त्या बाटल्या, एवढीच त्याची शाळा.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो ब्रिस्टलला गेला. डॉ. बेडोज यांनी तिथे वेगवेगळे वायू हुंगायला देऊन रोग बरे होतात का, हे पाहण्यासाठी एक संस्था काढली होती. डेव्ही प्रयोग करायचा तो थेट स्वतःवर. नायट्रस ऑक्साइड हुंगला आणि खदखदून हसला. कार्बन मोनॉक्साइड असलेला वायू हुंगला आणि मरता मरता वाचला. आज त्या पिवळ्या यंत्रातला तिसरा सेन्सर जे काम करतो, ते हा पठ्ठ्या स्वतःच्या छातीने करत होता.

हसवणाऱ्या वायूने दात-हिरड्यांचं दुखणं थांबतं, हे त्याच्या ध्यानात आलं. १८०० मध्ये छापलेल्या पुस्तकात त्याने नोंद करून ठेवली की शस्त्रक्रियेच्या वेळी हा वायू उपयोगी पडू शकेल. वाचलं अनेकांनी, वापरलं कोणीच नाही. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी, १८४४ मध्ये, अमेरिकेत हार्टफर्डच्या होरेस वेल्स या दंतवैद्याने तो वायू दात काढताना वापरला. मधल्या काळात किती माणसांनी शुद्धीवर असताना हातपाय कापून घेतले असतील, कल्पना करा. माहिती छापलेली होती, पण ती कामाला लावणारं कोणी नव्हतं. डेव्हीच्या गोष्टीत हे पुन्हा पुन्हा घडतं.

१८०१ मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला. दिसायला देखणा, बोलायला पट्टीचा. त्याच्या व्याख्यानांना एवढी गर्दी लोटायची की संस्थेसमोरच्या आल्बेमार्ल स्ट्रीटवर घोडागाड्यांची कोंडी होई, आणि म्हणे म्हणूनच तो लंडनमधला पहिला एकेरी वाहतुकीचा रस्ता ठरला. १८०७ मध्ये त्याने विजेच्या साहाय्याने पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले, पुढच्याच वर्षी कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि मॅग्नेशियम. १८१२ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली आणि एका श्रीमंत विधवेशी त्याचं लग्नही झालं. टोप्यांच्या दुकानातला पोरगा सरदार-दरकदारांच्या पंगतीला बसला. त्याच वर्षी एका स्फोटात त्याच्या डोळ्यांना इजा झाली. मदतीला हाताशी माणूस हवा होता, म्हणून १८१३ मध्ये त्याने एका पुस्तकबांधणी करणाऱ्या तरुणाला ठेवून घेतलं. त्याचं नाव मायकल फॅरडे.

आता खाणीकडे येऊ. २५ मे १८१२ रोजी इंग्लंडच्या ईशान्येला, न्यूकॅसलजवळच्या फेलिंग कोळसा खाणीत स्फोट झाला. ९२ जण मेले, त्यांत कोवळी पोरंही होती. कोळशाच्या फटींतून मिथेन झिरपतो, खाणीतले लोक त्याला फायरडॅम्प म्हणत. त्याला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा हलका, म्हणून छतापाशी साचतो. आणि कामगाराच्या हातात उजेडासाठी काय, तर उघडी मेणबत्ती. दर थोड्या दिवसांनी कुठे ना कुठे माणसं मरत होती. फेलिंगच्या पाद्र्याने, जॉन हॉजसनने, ही मरणं नुसती पुरली नाहीत, त्यांची हकिगत छापली. त्यातून अपघात टाळण्यासाठी एक मंडळ उभं राहिलं आणि १८१५ च्या उन्हाळ्यात या मंडळाने डेव्हीला गाठलं.

डेव्ही न्यूकॅसलला आला, हॉजसनला भेटला, खाणींचा जाणकार जॉन बडल याच्याशी बोलला. मग खाणीतला वायू बाटल्यांत बंद करून लंडनला मागवला आणि फॅरडेला सोबत घेऊन कामाला बसला. अवघ्या काही महिन्यांत दोन गोष्टी कळल्या. एक, हा वायू ठरावीक प्रमाणात हवेत मिसळला तरच स्फोट होतो. त्याहून कमी असला तरी नाही आणि फार जास्त असला तरी नाही. दुसरी, ज्योत अरुंद नळीतून पलीकडे जात नाही, कारण नळीचा धातू तिची उष्णता शोषून घेतो. नळ्या आखूड करत करत तो तारेच्या जाळीपर्यंत पोहोचला. शाळेच्या प्रयोगशाळेत बर्नरच्या वर जाळी धरली की ज्योत जाळीखालीच थांबते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. डेव्हीने दिव्याभोवती तीच जाळी गुंडाळली. एका चौरस इंचात ७८४ छिद्रं. वायू आत येऊन जळेल, पण आग बाहेर जाणार नाही. जानेवारी १८१६ मध्ये हेबर्नच्या खाणीत हा दिवा खाली नेला आणि तो चालला.

पेटंट घेतलंस तर वर्षाला पाच-दहा हजार पौंड सहज मिळतील, असं बडलने सुचवलं. डेव्हीने नकार दिला. ज्याला हवा त्याने दिवा बनवावा, अशीच त्याची इच्छा होती. म्हणूनच तो दिवा गावोगावच्या खाणींत पसरला आणि पुढे सुधारत सुधारत आमच्या बल्लारपूरपर्यंत आला.

वडील सांगायचे, दिवा उजेडासाठी नव्हताच. उजेडाला टोपीवर बॅटरी होती. दिवा वायू बघण्यासाठी. पाळीची माणसं आत येण्याआधी सरदाराने जायचं, वात अगदी बारीक करायची आणि दिवा हळूहळू छताकडे न्यायचा. मिथेन असेल तर ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते. ती किती उंच, त्यावरून किती टक्के वायू हे ओळखायचं. टोपी दिसली की दिवा झटका न देता खाली आणायचा. सगळं ठीक असेल तर भिंतीवर खडूने तारीख आणि सही. त्या सहीवर विश्वास ठेवून चाळीस-पन्नास माणसं आत यायची.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण इंग्लंडच्या संसदेच्या समितीने १८३५ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा दिसलं ते भलतंच. डरहॅम आणि नॉर्थंबरलँडच्या खाणींत दिवा येण्याआधीच्या अठरा वर्षांत ४४७ माणसं मेली होती, आणि दिवा आल्यानंतरच्या अठरा वर्षांत ५३८. खाणीही वाढल्या होत्या, हे खरं. पण मालकांनी आणखी एक केलं होतं. वायूमुळे बंद ठेवलेले थर त्यांनी आता दिवा आहे ना, या भरवशावर उघडले. हवा खेळती ठेवायला खर्च येतो, दिवा स्वस्त पडतो. त्यात जाळीमुळे उजेड मंद, म्हणून कामगार जाळी काढून ठेवायचे. टनावर मजुरी असली की अंधारात कोण काम करणार? शिवाय जोराच्या वाऱ्यात ज्योत जाळीबाहेर ढकलली जाते, जाळीची एक तार तुटली तरी ती निकामी होते. मग दिव्याला कुलूप आलं, आणि प्रत्येक पाळीआधी प्रत्येक दिवा तपासून देणारी लॅम्प रूम आली. डेव्हीने दिवा दिला, पण माणसं वाचायला ती लॅम्प रूमही लागली.

डेव्हीचा स्वभाव हीसुद्धा या गोष्टीची एक बाजू. त्याच सुमारास किलिंगवर्थच्या खाणीत जॉर्ज स्टीफन्सन या इंजिन दुरुस्त करणाऱ्या कामगाराने स्वतःच्या डोक्याने सुरक्षित दिवा बनवला होता. पुढे रेल्वेमुळे गाजलेला तोच हा स्टीफन्सन. शिक्षण नसलेला माणूस असा शोध लावूच शकत नाही, यानेच माझी कल्पना चोरली, असा डेव्हीचा आग्रह. स्वतः कॉलेज न पाहिलेल्या माणसाने असं म्हणावं! न्यूकॅसलकर चिडले आणि त्यांनी वर्गणी काढून स्टीफन्सनचा सन्मान केला. पुढे फॅरडेची रॉयल सोसायटीवर निवड व्हायची वेळ आली, तेव्हाही अध्यक्ष असलेल्या डेव्हीने विरोध केला. फॅरडे तरी निवडून आला. खालून वर चढलेल्या माणसाला मागून येणाऱ्याची शिडी खुपावी, हे आपल्याकडेही पाहायला मिळतं.

पण १८१६-१७ च्या त्या दिवसांतच त्याच्या हातून आणखी एक शोध लागला, आणि तो माझ्या पोटापाण्याचा आहे. दिव्यावर प्रयोग करताना त्याने प्लॅटिनमची बारीक तार तापवून वायू आणि हवेच्या मिश्रणात धरली. तिथे ज्योत नव्हती, तरी तार लालभडक झाली आणि तशीच राहिली. वायू तारेच्या पृष्ठभागावर गुपचूप जळत होता आणि त्या उष्णतेने तार पेटल्यासारखी दिसत होती. पॅलेडियमनेही तेच केलं. तांबं, चांदी, लोखंड, सोनं यांनी नाही. डेव्हीने लगेच दिव्यात वातीच्या वर प्लॅटिनमची वेटोळी बसवून पाहिली. वायू वाढून ज्योत विझली, तरी तार चमकत राहील आणि कामगाराला बाहेरची वाट दिसेल, हा हेतू. १८१७ मध्ये त्याने हे जाहीर केलं. स्वतः न बदलता दुसऱ्याची क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थांच्या या करामतीला बर्झेलियसने पुढे १८३० च्या दशकात कॅटॅलिसिस हे नाव दिलं. आपण त्याला उत्प्रेरण म्हणतो.

इथेही पुन्हा तीच गोष्ट. तार चमकते म्हणजे वायू आहे, हे १८१७ मध्ये माहीत झालं. त्यावरून वायू मोजायचं यंत्र बनायला मात्र ११० वर्षं लागली. कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीत ऑलिव्हर जॉन्सन यांनी १९२६-२७ च्या सुमारास जहाजांच्या तेलाच्या टाक्यांतले स्फोट टाळण्यासाठी ते बनवलं. १९५९ मध्ये ब्रिटनच्या खाण सुरक्षा संशोधन संस्थेत ॲलन बेकर यांनी नुसत्या तारेऐवजी छोटा मणी केला. आज वापरतो तो हाच.

तो मणी टाचणीच्या डोक्याएवढा असतो. आत प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी, भोवती ॲल्युमिनाचं कवच आणि त्यावर पॅलेडियमसारख्या उत्प्रेरकाचा लेप. शेजारी तसाच दुसरा मणी, पण लेप नसलेला. दोन्ही विजेने सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे. हवेत वायू असला की तो लेपाच्या मण्यावर जळतो, मणी आणखी तापतो, तारेचा विद्युतरोध वाढतो. बारावीत शिकलेला व्हीटस्टनचा ब्रिज आठवतोय का? तोच दोन मण्यांमधला फरक मोजतो. मिथेन हवेत साधारण ५ टक्के झाला की पेटू शकतो. यंत्र त्या ५ टक्क्यांना १०० मानून आकडा दाखवतं आणि १० किंवा २० वरच ओरडायला लागतं. आता गंमत बघा. मणी स्वतः एवढा तापलेला, मग तोच स्फोट का घडवत नाही? कारण त्याच्या तोंडावर बारीक जाळीची किंवा सच्छिद्र धातूची चकती असते. वायू आत येतो, आग बाहेर जात नाही. म्हणजे नखाएवढ्या वस्तूत डेव्हीचे दोन्ही शोध एकमेकांशेजारी बसलेत, आतली प्लॅटिनमची तार आणि बाहेरची जाळी.

पण या मण्याची एक खोड आहे, आणि ती ठाऊक नसणं जिवावर बेतू शकतं. सिलिकॉनचा स्प्रे, शिसं किंवा गंधकाची काही संयुगं लागली की लेप मरतो. तापलेला मणी दिसायला ठणठणीत, यंत्राचा दिवा हिरवा, आकडा शून्य. स्वच्छ हवेतही आकडा शून्यच असतो. चांगलं शून्य आणि मेलेलं शून्य यात डोळ्याला फरक दिसत नाही. शिवाय जळायला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजन भरलेल्या टाकीत कितीही वायू असला, तरी मणी तो जाळू शकत नाही आणि यंत्र फसतं. म्हणून आधी ऑक्सिजन बघायचा, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. आणि वापरण्याआधी दर दिवशी ठाऊक असलेल्या प्रमाणाचा वायू यंत्राला हुंगवून ते ओरडतं का, हे पाहायचं. इथे याला बंप टेस्ट म्हणतात. काम एखाद्या मिनिटाचं. वडिलांच्या वेळी हेच काम लॅम्प रूम करायची.

हे एवढं बारकाईने का सांगतोय? शिकागोजवळ रोमिओव्हिलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ जुलै १९८४ रोजी वायू गळून स्फोट झाला, १७ माणसं गेली. त्यांत गळती आवरायला धावलेले कारखान्याच्याच अग्निशमन दलाचे लोक होते. आपल्या रायगड जिल्ह्यात नागोठण्याला ५ नोव्हेंबर १९९० रोजी वायुगळतीनंतर झालेल्या स्फोटात तीसहून अधिक जण गेले. आणि २०१३ चा कायदा होऊनही आपल्याकडे गटारात आधी माणूस उतरतो, यंत्र मागून येतं, कधी येतच नाही.

डेव्हीचे शेवटचे दिवस फारसे सुखाचे नव्हते. जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून त्याने उपाय सुचवला. गंज थांबला, पण तळाला शिंपले चिकटून जहाजं मंदावली आणि उपाय गुंडाळावा लागला. १८२६ च्या अखेरीस पक्षाघात झाला, पुढच्या वर्षी अध्यक्षपद सुटलं. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात तो वारला. वय अवघं पन्नास. खाणमालकांनी दिव्याबद्दल कृतज्ञता म्हणून त्याला चांदीची भांडी दिली होती. ती पुढे रॉयल सोसायटीकडे गेली आणि त्यातून आलेल्या पैशातून १८७७ पासून रसायनशास्त्रासाठी डेव्ही पदक दिलं जातं.

भाचा आता परत गेलाय आणि या वर्षी त्याला एका रसायन कारखान्यात नोकरी लागणार आहे. त्याला फोनवर एकच सांगितलं. पहिल्या दिवशी हातात मीटर देतील तेव्हा तो चालू आहे का, एवढं विचारून थांबू नकोस. आज सकाळी वायू देऊन कोणी तपासलाय, आणि सही कुठे आहे, तेही विचार. वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं जामनगर, तारापूर, ह्यूस्टन, दुबई अशा ठिकाणी प्लांटवर असतील. त्यांनाही हे एकदा विचारा.

— डेव्हन ॲव्हेन्यू, शिकागो